न कापणारी सुरी

पितळी मेणबत्तीदाणीच्या खाचेत गेल्या वेळचे मेण घट्ट बसले होते. नखाने ते निघेना, म्हणून मी समोर पडलेली काळ्या मुठीची सुरी उचलली आणि तिच्या टोकाने मेण खरवडू लागले. दोन-तीन पापुद्रे निघाले असतील-नसतील, तोच बाईंचा हात माझ्या मनगटावर आला. त्या रागावल्या नव्हत्या. "ती नको," एवढेच म्हणून त्यांनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली, पात्याला लागलेले मेण मऊ फडक्याने पुसले आणि शेजारची पांढऱ्या मुठीची, आखूड पात्याची दुसरी सुरी माझ्यापुढे धरली. मी उरलेले मेण काढले, मेणबत्तीदाणी लख्ख पुसून जागेवर ठेवली, क्षमाही मागितली. "अगं, सुरीला काहीही झालेले नाही," असे त्या म्हणाल्या. परंतु वेदी मांडून पूर्ण झाली तेव्हा काळ्या मुठीची सुरी तिच्यावर नव्हती.

ही गोष्ट इंग्लंडमधली, ३१ ऑक्टोबरची. विक्का या देवी आणि देव यांना पूजणाऱ्या, चेटूकविद्येशी नाते सांगणाऱ्या पंथाच्या वर्षचक्रात जे आठ सण आहेत, त्यांपैकी साऊइन हा त्या रात्रीचा सण. उन्हाळ्याचा शेवट करणारा आणि गेलेल्यांची आठवण काढणारा. मी ज्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते, त्या घराच्या मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त ग्रंथपाल आणि तरुणपणापासून विक्कन. मला हे कळायलाच तीन महिने लागले, यावरून त्यांच्या धर्माचा गाजावाजा किती असेल ते लक्षात यावे. त्या दिवशी खांदा दुखत असल्यामुळे त्यांनी मला मदतीला हाक मारली होती, आणि मदतीच्या पहिल्या पाच मिनिटांतच मी हा घोळ घातला. घटना क्षुल्लकच, तरीही ती पुढे कित्येक आठवडे माझ्या मनात कुसळासारखी सलत राहिली. जी दिसायला सुरी आहे, हाताला सुरी म्हणूनच जाणवते, जिला दोन्ही बाजूंनी धार आहे, तिने मेणासारखा मऊ पदार्थही कापायचा नसेल, तर मग ती आहे तरी कशासाठी?

वेदी म्हटल्यावर डोळ्यांपुढे दगडी चौथरा उभा राहतो. बाईंची वेदी म्हणजे कमरेएवढ्या उंचीचे, खणांचे एक जुने लाकडी कपाट होते, मागच्या लहान खोलीत उत्तरेच्या भिंतीला टेकवलेले. एरवी त्याच्यावर इस्त्रीची वाट पाहणाऱ्या कपड्यांचा ढीग असे. सणाच्या दिवशी तो ढीग पलंगावर जाई, लाकडावरून ओले फडके फिरे आणि वर काळसर हिरवे कापड अंथरले जाई. मग एकेक वस्तू खणातून बाहेर येई. मागच्या बाजूला दोन उंच मेणबत्त्या, डावीकडची देवीची आणि उजवीकडची शिंगे असलेल्या देवाची. मध्यभागी पेंटॅकल, म्हणजे पंचकोनी तारा कोरलेली तांब्याची ताटलीएवढी चकती. एका वाटीत मीठ, दुसरीत पाणी. उजव्या हाताला धूपाटणे आणि कांडी, डाव्या हाताला चषक आणि लहानशी घंटा. पुढे दोन सुऱ्या. मांडणी करताना बाई एकही वस्तू ठेवून लगेच हात मागे घेत नसत. ठेवलेल्या वस्तूवर त्यांची बोटे क्षणभर थांबत, जणू ती नीट बसली आहे की नाही हे वस्तूलाच विचारत आहेत.

धूपाटण्याचे मला विशेष आठवते. त्याच्या तळाशी बोटभर वाळू भरलेली असे आणि वाळूवर कोळशाची गोल वडी. या वड्यांत सोरा मिसळलेला असतो, त्यामुळे काडी लावताच तिच्या अंगावरून बारीक ठिणग्यांची एक रांग चर्र आवाज करत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पळत जाते आणि सोऱ्याचा तिखट वास नाकात शिरतो. तो वास जाईपर्यंत थांबायचे, वडीवर राखेची पांढुरकी साय धरू द्यायची आणि मगच तिच्यावर ऊद टाकायचा, हे धीराचे काम आहे. वाळू विसरली तर काय होते, त्याची साक्ष कपाटावरच होती. कापड उचलले की लाकडावर एक काळे वर्तुळ दिसे. "ते वर्ष घाईचे होते," असे बाई त्याच्याविषयी सांगत. धुराचा इशारा देणारे यंत्र जिन्यात छतावर बसवलेले होते, आणि देवतांच्या आवाहनाच्या मध्येच ते किंचाळू लागू नये म्हणून खोलीचे दार बंद व खिडकी वीतभर उघडी ठेवणे हादेखील विधीचा अलिखित भाग होता. ऑक्टोबरातला ओला वारा त्या फटीतून आत येई आणि देवाची मेणबत्ती देवीच्या मेणबत्तीपेक्षा लवकर संपे.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. हे सारे पाहताना प्रत्येक वस्तूपाशी "आपल्याकडेही असेच असते" म्हणण्याचा मोह होतो. मी तो कटाक्षाने टाळला, कारण ते वाक्य एकदा उच्चारले की समोरची वस्तू दिसेनाशी होते.

त्या काळ्या मुठीच्या सुरीला अथामे म्हणतात. विक्कन माणसाच्या साऱ्या साधनांत हे सर्वांत खासगी साधन. दीक्षेनंतर ते ज्याचे त्याचे असते, आणि दुसऱ्याने विचारल्याशिवाय त्याला हात लावणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जातो. म्हणजे मी एक नव्हे, दोन चुका केल्या होत्या. अथामेने वेदीभोवतीचे रिंगण आखायचे असते. सुरीचे टोक बाहेरच्या दिशेला धरून, सूर्याच्या गतीने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे एक फेरा पूर्ण करायचा. त्या अदृश्य रेषेच्या आतली जागा ही रोजच्या जगातून तेवढ्या वेळेपुरती वेगळी काढलेली जागा. टोक पाण्याच्या वाटीत बुडवून पाणी शुद्ध करायचे, मिठाला स्पर्श करून मीठ शुद्ध करायचे, आणि मग मीठ पाण्यात सोडायचे. प्रत्यक्ष कापाकापीची कामे, म्हणजे वनस्पती छाटणे, मेणबत्तीवर चिन्हे कोरणे, दोरा तोडणे, ही पांढऱ्या मुठीच्या सुरीची. तिला बरेच जण बोलिन म्हणतात. एक सुरी राबणारी आणि दुसरी फक्त निर्देश करणारी. मी निर्देश करणारीला राबायला लावले होते.

त्या रात्री बाईंनी रिंगण बोटाने आखले.

मला खोलीच्या आत बसण्याची परवानगी होती. दाराजवळच्या स्टुलावर मी हात मांडीवर घेऊन बसले होते. बाई उजव्या हाताची तर्जनी पुढे करून सावकाश वळू लागल्या. जुन्या पद्धतीप्रमाणे रिंगणाचा व्यास नऊ फूट असावा. खोली जेमतेम आठ फुटांची. त्यामुळे रेषा कपड्यांच्या कपाटातून आरपार जात होती आणि उत्तरेकडे तर ती भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या जिन्यात शिरत असली पाहिजे, असा विचार माझ्या मनात आला आणि हसू आवरणे कठीण झाले. पण त्यांच्या बोटाकडे पाहिल्यावर ते हसू आपोआप मावळले. सांधेदुखीने ते बोट शेवटच्या पेरापाशी वाकडे झालेले होते. ते ज्या दिशेला रोखलेले असे त्या दिशेला त्यांची नजर नसे, बोट एकीकडे आणि डोळे किंचित पुढे. सुरी असती तर हा वाकडेपणा तिच्या लांबीत लपला असता. माझ्यामुळे तो उघडा पडला, या जाणिवेने मी त्या गेलेल्यांच्या रात्री गेलेल्यांचे स्मरण करण्याऐवजी आपल्याच हातांकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरळ विचारले, की माझ्या स्पर्शाने सुरी बाटली का? त्यांना हा शब्द आवडला नाही. "बाटत वगैरे काही नाही," त्या म्हणाल्या, "पण ती माझ्या हाताला एकच गोष्ट आठवून देते. तिला दुसरे काम दिले की तिला दोन गोष्टी आठवतील." याहून अधिक स्पष्टीकरण मला मिळाले नाही. मग ग्रंथपालाच्या सवयीने त्यांनी मला वाचायला पुस्तके काढून दिली, आणि माझी खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

कारण ती पुस्तके वाचल्यावर लक्षात आले, की ज्याला मी शतकानुशतकांची परंपरा समजत होते ती माझ्या घरमालकिणीच्याच वयाची आहे. विक्का जगापुढे मांडला तो जेराल्ड गार्डनर या गृहस्थांनी. जन्म १८८४चा. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी पूर्वेकडे काढला. मलायात ते जकात खात्यात नोकरीला होते आणि तिथल्या क्रिस नावाच्या नागमोडी पात्याच्या खंजिरांचा त्यांना असा नाद लागला, की १९३६ साली त्यांनी त्या शस्त्रांवर एक पुस्तकच लिहिले. निवृत्तीनंतर ते इंग्लंडला परतले आणि १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातील एका गुप्त मंडळाने आपल्याला दीक्षा दिली, असे त्यांनी पुढे सांगितले. चेटकाविषयीचा १७३५ सालचा कायदा १९५१ साली रद्द झाला, आणि १९५४ साली गार्डनर यांचे 'विचक्राफ्ट टुडे' बाहेर आले. आपण एका प्राचीन धर्माच्या शेवटच्या अवशेषाचे वर्णन करत आहोत, असा त्यांचा दावा होता. इतिहासकारांनी तो टिकू दिला नाही. रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली या पंथाचा जो सविस्तर इतिहास लिहिला, त्यात आधुनिक इंग्लंडमधल्याच कोणकोणत्या धाग्यांपासून हे वस्त्र विणले गेले ते उलगडून दाखवले आहे.

काळ्या मुठीच्या सुरीचा धागा त्यांतलाच. 'सॉलोमनची किल्ली' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या मंत्रग्रंथाच्या हस्तलिखितांत काळ्या मुठीची आणि पांढऱ्या मुठीची अशा दोन सुऱ्या येतात. मॅकग्रेगर मॅथर्स यांनी १८८९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर छापले, आणि 'अथामे' हा शब्दही त्याच घराण्यातल्या फ्रेंच हस्तलिखितांतल्या शब्दाशी नाते सांगतो. मलायातल्या खंजिरांवर जीव असलेला माणूस जेव्हा धर्माची साधने मांडायला बसतो तेव्हा सुरी अग्रभागी येते, यात नवल वाटण्याचे कारण नाही. मला मात्र उगाचच फसवले गेल्यासारखे वाटले. ज्या वस्तूला हात लावल्याची इतके दिवस टोचणी लागली होती, तिच्यामागे एका निवृत्त जकात अधिकाऱ्याचा छंद असावा! मी हे बाईंना थोड्या खोचकपणेच ऐकवले. त्यांनी चहाचा घोट पूर्ण केला आणि म्हणाल्या, "मी एकावन्न सालची. कायदा गेला आणि मी आले. मी आणि हा धर्म एकाच वेळी रांगत होतो. त्याचे वय मला तू सांगायला नको." हटन यांचे पुस्तक त्यांनी बाहेर आले त्याच वर्षी वाचले होते.

साधनांच्या अर्थाविषयी त्यांचे मत विचारले, की त्या लगेच वादात उतरत. चार साधने आणि चार महाभूते ही जोडी विक्काला 'गोल्डन डॉन' या १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गूढविद्येच्या मंडळाकडून मिळाली. चषक म्हणजे जल आणि पेंटॅकल म्हणजे पृथ्वी, यावर सर्वांचे एकमत आहे. भांडण आहे ते सुरी आणि कांडी यांच्यात. गोल्डन डॉनच्या हिशेबाने खंजीर वायूचा आणि कांडी अग्नीची. धार ही बुद्धीसारखी, वाऱ्यासारखी सपकन फिरणारी, आणि लाकूड तर जळण्यासाठीच असते. उलट बाजूचे विक्कन म्हणतात, पाते भट्टीतून जन्माला येते म्हणून ते अग्नीचे, आणि फांदी वाऱ्यावर वाढते म्हणून ती वायूची. बाई दुसऱ्या बाजूच्या. त्यांची कांडी हेझेलच्या लाकडाची होती, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून घेतलेली, साल काढून जवसाच्या तेलाने घासलेली. एके ठिकाणी तिच्यावर फांदी फुटू पाहत होती त्याची गाठ होती आणि त्यांचा अंगठा नेमका त्या गाठीवर टेके. "ही हातात धर आणि हलव," त्या म्हणत, "आणि सांग, ही जळते आहे की वाहते आहे?" माझा हात रिकामाच वाटे, पण वादात मी त्यांच्या बाजूने मत देई. खरे तर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मला सारखेच पटत, आणि जिथे दोन विरुद्ध युक्तिवाद सारखेच पटतात तिथे वस्तू शांतपणे आपल्या जागी पडून राहते व माणसेच भांडत असतात, असे मला अनेकदा वाटले.

चषकाची एक गंमत आहे. गार्डनर यांच्या दीक्षाविधीत साधकाला आठ साधने क्रमाने दाखवली जातात: तलवार, अथामे, पांढऱ्या मुठीची सुरी, कांडी, पेंटॅकल, धूपाटणे, आसूड आणि दोऱ्या. या आठांत चषक नाही. ज्या पेल्याशिवाय एकही विधी पुरा होत नाही, ज्यातला द्राक्षरस सर्वांच्या ओठांना लागतो, तो यादीतच नाही! देवी आणि देव यांच्या मीलनाचे प्रतीक म्हणून अथामेचे टोक चषकातल्या द्राक्षरसात उतरवतात, हा पंथाचा गाभ्याचा क्षण. त्यातली स्त्री-पुरुष अशी ठाशीव विभागणी आज अनेक विक्कनांना खटकते आणि त्यांनी आपापल्या परीने ती बदललेलीही आहे. बाईंचा चषक चांदीचा मुलामा दिलेला होता. जिथे ओठ लागत तिथला मुलामा झिजून आतले पितळ नखाएवढे दिसत होते. त्या तो नेहमी त्याच बाजूने धरत, त्यामुळे ते पितळ वाढत चालले होते. यादीत नसलेली ही एकच वस्तू त्या वेदीवर खऱ्या अर्थाने वापरलेली दिसे.

आसूड त्यांच्या वेदीवर कधीच नव्हता. त्याविषयी त्या मोकळेपणाने बोलत नसत आणि मीही आग्रह धरला नाही. गार्डनर यांच्या विधींत शुद्धीसाठी हलके फटके येतात. ते वाचताना मला अवघडल्यासारखे झाले होते आणि अजूनही होते. परंपरेतले सगळेच समजून घेतले पाहिजे, असे मला वाटत नाही.

दोऱ्यांचे मात्र वेगळे. डिसेंबरात एका संध्याकाळी कपाटाचा सर्वांत खालचा खण अडकला होता, तो दोघींनी मिळून ओढून काढला, तेव्हा मागच्या फटीत एक कागदी पाकीट सापडले. त्यात पिवळट पडलेल्या सुती दोऱ्याची गुंडी होती. दीक्षेच्या वेळी दोऱ्याने साधकाचे माप घेण्याची पद्धत आहे. डोक्यापासून पायापर्यंतची उंची, मग कपाळाचा घेर, छातीचा घेर, आणि प्रत्येक मापापाशी एक गाठ. हा दोरा मंडळाकडे राहतो, निष्ठेचा तारण म्हणून म्हणा किंवा धाक म्हणून म्हणा. बाईंचे मंडळ पुढे पांगले, काही माणसे वारली, आणि प्रमुख असलेल्या स्त्रीने जाण्यापूर्वी ज्याचा त्याला दोरा परत केला. बाईंनी ती गुंडी उलगडली, एक टोक पायाखाली दाबले आणि दुसरे डोक्यावर ओढून धरायला मला सांगितले. दोरा ताणला, तरी माझ्या चिमटीत तो त्यांच्या केसांच्या वर तीन बोटे उरला. तेवीस-चोवीस वर्षांच्या एका मुलीचे ते माप होते. आम्ही दोघी जरा वेळ तशाच उभ्या राहिलो. त्या ताठ, आणि मी हात वर करून. "म्हणजे मी इतकी उंच होते," एवढे त्या म्हणाल्या आणि दोरा पुन्हा गुंडाळताना त्यांनी गाठी चाचपून मोजल्या.

त्यांच्या हस्तलिखित वहीत गार्डनर यांच्याकडून आलेला एक मजकूर नकलून घेतलेला होता आणि त्याने मला सुरीच्या प्रश्नाकडे परत आणून सोडले. छळाच्या दिवसांसाठी म्हणून सांगितलेले ते नियम आहेत. साधने अशी असावीत, की ती कोणाच्याही घरात सापडतील. पेंटॅकल मेणाचे करावे, म्हणजे वेळ येताच ते मोडता किंवा वितळवता येईल. कोणत्याही वस्तूवर नाव किंवा चिन्ह ठेवू नये. विधीपूर्वी ती शाईने लिहावीत आणि लगेच धुऊन टाकावीत. हे नियम खरोखर छळाच्या शतकांतून आले, असे आज कोणी जाणकार मानत नाही. त्यांत जळण्याच्या शिक्षेची भाषा आहे, आणि इंग्लंडमध्ये तर चेटकाच्या आरोपाखाली माणसांना फासावर लटकवत. तरीही ही कल्पना मला फार आवडली. शाईने लिहून लगेच पुसलेले चिन्ह सुरीवर असते की नसते? वहीतली सुरी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांत मिसळून जाणारी आहे, आणि बाईंची सुरी कशातच मिसळू नये म्हणून जपलेली. दोन्ही एकाच परंपरेत कशा बसतात, हे मला कळेना.

पेंटॅकलच्या बाबतीत ही ओढाताण तर जगापुढे झाली आहे. अमेरिकेत युद्धात मरण पावलेल्या विक्कन सैनिकांच्या थडग्यांवर पेंटॅकल कोरू द्यावे, यासाठी त्यांच्या कुटुंबीयांना सरकारशी न्यायालयात भांडावे लागले, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये ते चिन्ह अधिकृत यादीत आले. मेणाचे करा, म्हणजे क्षणात नाहीसे करता येईल, असा ज्याच्याविषयीचा नियम, ते आता संगमरवरात खोदलेले आहे.

कॉर्नवॉलमधल्या बॉसकॅसल या बंदराच्या गावी १९६० पासून चेटूकविद्येचे एक संग्रहालय आहे. २००४ च्या ऑगस्टमध्ये तिथे जो प्रचंड पूर आला त्यात तेही सापडले होते. हिवाळ्यात मी एकटीच तिथे जाऊन आले. काचेमागे मांडलेल्या साधनांसमोर मी बराच वेळ उभी राहिले, पण मला काहीच जाणवले नाही, आणि याचे मला आश्चर्य वाटले. तिथेही हात लावायला मनाई, इथेही मनाई. मग बाईंच्या "ती नको"मध्ये जे होते ते काचेत का नव्हते? परतीच्या गाडीत मला वाटले, की काचेमागच्या सुरीला कोणीच हात लावत नाही, आणि बाईंच्या सुरीला हात लावणारे एक माणूस आहे. दुकानांत आणि संगणकाच्या पडद्यावर आता कवट्या, ड्रॅगन आणि नकली रत्ने जडवलेली अथामे विकत मिळतात. नवशिक्यांना वाटते, की सगळा संच घेतल्याशिवाय सुरुवातच करता येणार नाही. स्कॉट कनिंगहॅम यांनी १९८८ साली एकट्याने साधना करणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिले, तेव्हापासून मंडळाशिवाय, दीक्षेशिवाय हा मार्ग धरणारे असंख्य झाले. बाईंना त्यांच्याविषयी आकस नव्हता. कवट्यांविषयी होता.

फेब्रुवारीच्या आरंभी इंबोल्कचा सण येतो. बर्फ वितळून नुकतीच पांढरी फुले डोके वर काढत होती, म्हणून वेदीवरचे कापडही पांढरे. मी मेणबत्तीदाण्या पुसत होते. या वेळी फडक्याने आणि कोमट पाण्याने. बाईंनी वरचा खण उघडला आणि काळ्या मुठीची सुरी काढून तिच्या जागी ठेवली. तीन महिन्यांनी ती मला दिसत होती. मुठीपासून दोन बोटांवर, पात्याच्या मधल्या कण्यालगत, मसुराच्या दाण्याएवढा तांबूस डाग होता. पूर्वी तो नव्हता. मेण खरवडताना ते पाते मी फार जवळून पाहिले होते.

"मिठाच्या पाण्याने धुऊन चांदण्यात ठेवली होती, साऊइननंतरच्या पौर्णिमेला," माझी नजर पाहून त्या म्हणाल्या. "खिडकीतच राहिली. मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेले. पोलादाला मीठ चालत नाही, हे मला पन्नास वर्षे ठाऊक आहे."

म्हणजे काहीही झाले नव्हते म्हणता म्हणता त्यांनी ती धुतली होती. आणि ती इतके दिवस दिसली नाही ती माझ्या चुकीमुळे नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या चुकीमुळे, की दोन्हींमुळे, हे मी विचारले नाही. त्यांनी मशीनच्या तेलाची छोटी बाटली आणि एक चिंधी माझ्यापुढे सरकवली. खांदा अजून बरा नव्हता.

"मी?" मी विचारले.

"मी सांगते आहे म्हणजे चालते. डाग घासून काढू नकोस. पसरू नये, एवढेच बघ."

मी सुरी उचलली. मूठ गार होती आणि बोटांच्या ठिकाणी किंचित खोलगट झिजलेली. माझी बोटे त्या खळग्यांत नीट बसेनात. चिंधीवर तेलाचे दोन थेंब घेऊन मी मुठीकडून टोकाकडे एकदा फडके ओढले, मग पाते उलटे करून दुसऱ्या बाजूने. डागापाशी कापड किंचित अडे. बाई धूपाटण्यात वाळू भरत होत्या आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या.